जुनी फ्लिंटलॉक मस्केट (चकमकीच्या ठिणगीने पेटणारी, तोंडाकडून भरायची लांब बंदूक) विकत घ्यायला बघायला गेलात की आधी हे करा
सगळ्यात आधी गज, म्हणजे दारू-गोळी ठासायची लांब काठी, नळीत पार तळापर्यंत सोडा, तोंडापाशी बोटाने खूण धरा, मग बाहेर काढून नळीला बाहेरून लावून बघा, गजाचं टोक बाजूच्या बारीक भोकापर्यंत, म्हणजे जिथून रंजकीची (बाहेरच्या वाटीत ठेवून पेटवायच्या दारूची) आग आत जाते तिथपर्यंत यायला हवं. चार बोटं अलीकडेच थांबलं तर आत काहीतरी अडकलंय, आणि दोनशे वर्षांपूर्वी ठासलेली दारू आणि गोळी अजून आत असू शकते, काळी दारू कोरडी राहिली तर आजही पेटते. त्यामुळे घोडा ओढून बघायचा मोह प्लीज टाळा, जाणकाराला बोलवा.

मग किमतीचं. ब्राऊन बेस या ब्रिटिश फौजेच्या मस्केटचे प्रकार नळीच्या लांबीवरून ओळखता येतात: इंडिया पॅटर्नची नळी ३९ इंची, आधीच्या शॉर्ट लँडची ४२, लाँग लँडची ४६, म्हणून टेप सोबत ठेवाच. १८३०-४० नंतर खूप बंदुका टोपीच्या (चकमकीऐवजी ठोक्याने पेटणारी छोटी धातूची टोपी वापरणाऱ्या) केल्या गेल्या आणि पुढे जास्त भावासाठी परत चकमकीच्या बनवल्या, हे ओळखायचं तर त्या भोकाभोवतीच बघा: खरी असेल तर तिथलं लोखंड रंजकीने खाल्लेलं, खड्डे खड्डे पडलेलं असतं. तिथे गुळगुळीत आणि वाटी नवीकोरी, बाकी चापाची बाजूची प्लेट मात्र झिजलेली, असं दिसलं तर भाव पाडून मागा. आणि घरी आणल्यावर पॉलिश पेपर अजिबात लावू नका हो, लोखंडावरचा तो जुना तपकिरी थर एकदा गेला की परत येत नाही आणि शिक्केही पुसट होतात.