लॅपटॉपमधल्या खाजगी फाइल्सना खरं कुलूप कसं लावायचं

सगळ्यात आधी एक गोष्ट क्लिअर करून घेऊ, कारण बहुतेकांचा घोळ इथेच होतो. विंडोज चालू करताना आपण जो पासवर्ड किंवा पिन टाकतो ना, त्याने फाइल्स लॉक होत नाहीत, फक्त आपलं अकाउंट उघडतं. डिस्क एन्क्रिप्ट केलेली नसेल तर कोणीही स्क्रू काढून ती बाहेर काढली आणि एका स्वस्तातल्या केबलने दुसऱ्या कॉम्प्युटरला लावली, किंवा पेन ड्राइव्हवरून लिनक्स चालू केलं, की तुमचे सगळे फोल्डर समोर हजर, पासवर्ड कोणी विचारत पण नाही. फोल्डर हिडन करून ठेवणं तर काहीच कामाचं नाही, व्ह्यू मेनूमध्ये एक टिक मारली की दिसतं. आणि ती नोटपॅडमध्ये कोड पेस्ट करून 'लॉकर' बनवायची ट्रिक व्हिडिओंमध्ये फिरत असते बघा, त्या बॅच फाइलवर राइट क्लिक करून एडिट म्हणा, तुमचा पासवर्ड साध्या अक्षरात तिथेच लिहिलेला दिसेल.

खरं कुलूप म्हणजे एन्क्रिप्शन. यात फाइलमधला डेटाच गणिताने असा बदलून टाकतात की किल्लीशिवाय तो नुसता कचरा असतो, मग डिस्क काढा नाहीतर कॉपी करून घेऊन जा. यासाठी आज सगळीकडे एईएस नावाची पद्धत वापरतात, बेल्जियमच्या योआन डेमेन आणि व्हिन्सेंट रायमेन या दोघांनी बनवलेली, अमेरिकेने २००१ मध्ये तिला सरकारी स्टँडर्ड केलं. खाली जी टूल्स सांगतोय त्या सगळ्यांत हीच आहे, आणि ती नीट वापरली तर ते गणित फोडायच्या फंदात कोणी पडत नाही, लोक तुमचा पासवर्ड ओळखायचा प्रयत्न करतात. म्हणून पासवर्डबद्दल खाली जरा जास्त लिहिलंय, तो भाग प्लीज सोडू नका.

काय लॉक करायचं हे आधी ठरवा. पिक्चर, गाणी, लग्नाचे अल्बम यांना काही गरज नाही. आधार-पॅनचे स्कॅन, रिटर्न, बँक स्टेटमेंट, खरेदीखत, घरच्यांचे मेडिकल रिपोर्ट, अगदी खाजगी फोटो आणि ऑफिसचा क्लायंट डेटा, एवढं एका फोल्डरमध्ये गोळा करा. आणि हो, डाउनलोड केलेल्या ई-आधारला पासवर्ड आहेच की असं म्हणू नका. तो नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरं कॅपिटलमध्ये आणि पुढे जन्मसाल असा असतो, म्हणजे शेजाऱ्यालाही सांगता येईल. इन्कम टॅक्सच्या एआयएसची (वर्षभराच्या उत्पन्न-व्यवहारांची यादी) पीडीएफ पॅन नंबर आणि जन्मतारखेने उघडते, आणि आपण त्याच फोल्डरमध्ये पॅनचा स्कॅन ठेवलेला असतो ज्यावर या दोन्ही गोष्टी छापलेल्या आहेत!

आता सोपा मार्ग आधी. थोड्याच फाइल्स आहेत, किंवा सीएला कागदपत्रं मेल करायचीत, तर सेव्हन-झिप पुरतं. फुकट आहे, १९९९ पासून आहे, फक्त डाउनलोड अधिकृत साइटवरूनच करा, तिच्या पत्त्यात ७ आणि झिपच्या मध्ये डॅश आहे आणि शेवटी डॉट ऑर्ग आहे. फोल्डरवर राइट क्लिक करा, विंडोज ११ मध्ये लागलं तर शो मोअर ऑप्शन्समध्ये जा, मग सेव्हन-झिप, मग ॲड टू अर्काइव्ह. जी खिडकी उघडते तिथे फॉरमॅट सेव्हन-झेड ठेवा, उजव्या बाजूला खाली पासवर्ड दोनदा टाका आणि 'एन्क्रिप्ट फाइल नेम्स' ला टिक करायला विसरू नका, ती नसली तर आतल्या फाइल्स उघडत नाहीत पण नावं सगळ्यांना दिसतात, आणि 'एचआयव्ही रिपोर्ट' किंवा 'घटस्फोट नोटीस' असं नाव दिसलं तर पुढे लपवायला राहिलं काय. झिप फॉरमॅटच पाहिजे असेल तर पद्धत झिपक्रिप्टो अशी आपोआप आलेली असते ती बदलून एईएस-२५६ करा, झिपक्रिप्टो कसं फोडायचं हे १९९४ मध्येच प्रसिद्ध झालंय. झिपमध्ये नावं लपवायची सोय मात्र मिळत नाही. पासवर्ड त्याच मेलमध्ये लिहू नका, फोन करून सांगा.

सेव्हन-झिपची एक गोष्ट फार कमी लोकांना माहीत असते. अर्काइव्हमधल्या फाइलवर डबल क्लिक केलं की ती आधी विंडोजच्या टेम्प फोल्डरमध्ये उघडी कॉपी होते आणि तिथून दिसते. फाइल बंद केल्यावर साधारणपणे ती कॉपी पुसली जाते, पण मध्येच लाइट गेली किंवा प्रोग्रॅम हँग झाला तर ती तिथेच पडून राहते, कुठल्याही पासवर्डशिवाय. रन बॉक्समध्ये टेम्प हा शब्द दोन परसेंटच्या चिन्हांमध्ये लिहून एंटर मारा आणि एकदा बघाच काय काय साठलंय.

म्हणून ज्या फाइल्स रोज उघडायच्या, बदलायच्या असतात त्यांच्यासाठी मी व्हेराक्रिप्टच सांगतो. ट्रूक्रिप्ट नावाचं जुनं सॉफ्टवेअर २०१४ च्या मे मध्ये त्याच्या निर्मात्यांनी अचानक बंद केलं, त्याच्याच कोडवरून हे आधीपासून, २०१३ पासून, बनत होतं. फुकट आहे, कोड उघडा आहे म्हणजे प्रोग्रॅम आतून कसा लिहिलाय हे कोणीही तपासू शकतं, विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हीवर चालतं. यात एक मोठी फाइल बनते, तिला कंटेनर म्हणतात, पासवर्ड टाकला की ती वेगळ्या ड्राइव्हसारखी दिसते, बंद केली की परत नुसती एक न कळणारी फाइल.

बनवायचं असं. क्रिएट व्हॉल्यूम दाबा, पहिला पर्याय म्हणजे एन्क्रिप्टेड फाइल कंटेनर निवडा, मग स्टँडर्ड. कंटेनरला जागा आणि नवीन नाव द्या, इथे चुकूनही आपली असलेली फाइल निवडू नका, ती पुसून तिच्या जागी कंटेनर बनतो. अल्गोरिदमच्या पानावर एईएस आणि एसएचए-५१२ आधीच असतात, तसेच राहू द्या. साइज विचार करून द्या, कागदपत्रांना पाच जीबी भरपूर झाली, फोटो असतील तर वाढवा. पेन ड्राइव्हवर ठेवणार असाल आणि तो फॅट-३२ या जुन्या पद्धतीने फॉरमॅट केलेला असेल तर ४ जीबीच्या वरची फाइल त्यावर बसतच नाही हे लक्षात ठेवा. पासवर्ड २० अक्षरांपेक्षा छोटा दिला तर ते वॉर्निंग देतं, ऐका त्याचं. मग एक पान येतं ज्यावर आकडे आणि अक्षरं भराभर बदलत असतात आणि खाली एक पट्टी असते, त्या खिडकीत माउस वेडावाकडा फिरवत राहायचा, लाल पट्टी हळूहळू हिरवी होते. तुमच्या हाताच्या त्या हालचालीतून किल्लीसाठी रँडम आकडे तयार होत असतात, त्यामुळे घाई न करता पट्टी पूर्ण भरू द्या आणि मगच फॉरमॅट दाबा.

वापरताना यादीतलं एखादं ड्राइव्ह अक्षर निवडायचं, सिलेक्ट फाइलने कंटेनर दाखवायचा, माउंट, पासवर्ड. उघडायला थोडा वेळ लागतो कारण तुमचा पासवर्ड पाच लाख वेळा त्या गणितातून फिरवला जातो, हाच वेळ पासवर्ड ओळखणाऱ्यालाही प्रत्येक प्रयत्नाला द्यावा लागतो, त्यामुळे तो हवाच आहे. काम झालं की डिसमाउंट करा, नव्या व्हर्जनमध्ये अनमाउंट लिहिलेलं असतं. माउंट करून चहाला उठून गेलात तर एन्क्रिप्शनचा काही उपयोग नाही, ड्राइव्ह उघडाच आहे. सेटिंगमध्ये ठरावीक मिनिटं वापर नसेल तर आपोआप बंद व्हायची सोय आहे ती लावून टाका.

कंटेनर गूगल ड्राइव्ह वगैरेवर सिंक करणार असाल तर अडचण येते. व्हेराक्रिप्ट कंटेनरची तारीख मुद्दाम जुनीच ठेवतं, त्यामुळे आत बदल झाला हे सिंकवाल्याला कळत नाही. प्रेफरन्सेसमध्ये टाइमस्टॅम्पची टिक काढा, किंवा क्लाउडसाठी सरळ क्रिप्टोमेटर घ्या, ते प्रत्येक फाइल वेगळी एन्क्रिप्ट करतं आणि बदललेली तेवढीच वर जाते.

पूर्ण डिस्क लॉक करायची असेल तर विंडोज प्रोमध्ये बिटलॉकर आहे, होममध्ये बऱ्याच लॅपटॉपवर डिव्हाइस एन्क्रिप्शन नावाने त्याचंच साधं रूप मिळतं, सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी अँड सिक्युरिटीत बघा. लॅपटॉप ट्रेनमध्ये राहिला, चोरीला गेला, तर हेच वाचवतं. पण नवा लॅपटॉप घेतलेल्यांनी तर आजच तपासा, कारण विंडोज ११ च्या २४एच२ या व्हर्जनपासून मायक्रोसॉफ्ट अकाउंटने नव्याने सेटअप केलं की हे बहुतेक मशीनवर आपोआप चालू होतं आणि माणसाला पत्ताच नसतो. मग बायोस (लॅपटॉप चालू करणारं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट झालं किंवा मदरबोर्ड बदलला की निळ्या स्क्रीनवर ४८ आकडी रिकव्हरी की मागतं. ती तुमच्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये असते, पण सेटअप दुकानदाराने स्वतःच्या ईमेलने करून दिला असेल तर की त्याच्याकडे, तुमच्याकडे नाही! आत्ताच कागदावर उतरवून घ्या. मॅकवाल्यांनी फाइलव्हॉल्ट चालू करावं, एखाद्याच फोल्डरसाठी डिस्क युटिलिटीत २५६ बिटची एन्क्रिप्टेड इमेज, म्हणजे कंटेनरसारखीच एक फाइल, बनते.

एक्सेलमध्ये 'प्रोटेक्ट शीट' म्हणजे एन्क्रिप्शन नव्हे, ते फक्त चुकून सेल बदलू नयेत म्हणून आहे. फाइल, इन्फो, मग एन्क्रिप्ट विथ पासवर्ड हे खरं, आणि जुन्या एक्सएलएस फॉरमॅटमध्ये सेव्ह करू नका, त्याचं एन्क्रिप्शन कमकुवत आहे.

पासवर्डचं बोलू. नाव ॲट १२३, गाडीचा नंबर, मुलांची जन्मतारीख, देवाचं नाव, हे सगळं पहिल्या फटक्यात ट्राय करतात. पाच-सहा असे शब्द घ्या ज्यांचा एकमेकांशी काही संबंध नाही, डिक्शनरीची पानं डोळे मिटून उघडून निवडले तर उत्तम, कारण आपण मनाने निवडले की ओळखीचेच येतात. म्हण किंवा अभंगाची ओळ अजिबात नको. खलबत्ता, डांबर, सायकल, चिंच, वकील, असे मराठी शब्द रोमनमध्ये लिहिले तर लक्षात राहतात (हेच घेऊ नका अर्थात), पण स्पेलिंग एकदा ठरवून लिहून ठेवा, नाहीतर सहा महिन्यांनी डांबरमध्ये ए एक होता की दोन यावर अडकाल. आणि मराठी टाइप करणाऱ्यांनी पासवर्ड टाकण्याआधी कोपऱ्यात कीबोर्ड इंग्रजीवर आहे ना हे बघायचं, बॉक्समध्ये नुसते ठिपके दिसतात त्यामुळे चूक कळतच नाही.

फाइल्स आत टाकून झाल्या, कंटेनर बंद करून परत उघडून सगळं नीट दिसतंय हे बघितलं, की मगच बाहेरच्या मूळ फाइल्स उडवा, रिसायकल बिनसकट. व्हॉट्सॲप वेबवरून आलेली डाउनलोडमधली कॉपी, डेस्कटॉपवरची कॉपी, जुन्या पेन ड्राइव्हवरची कॉपी, ही पण शोधा. साध्या हार्ड डिस्कवरून डिलीट केलेलं रिकव्हरी सॉफ्टवेअरने परत येऊ शकतं, म्हणून पूर्ण डिस्कचं एन्क्रिप्शन सोबत असलेलं बरं.

आणि इथे 'फरगॉट पासवर्ड' नाही. तुम्ही विसरलात तर व्हेराक्रिप्ट बनवणारे पण काही करू शकत नाहीत. घरातला कर्ता माणूस अचानक गेला की पॉलिसी कुठे, खाती किती, हे शोधताना घरच्यांचे आधीच हाल होतात, त्यात सगळं एन्क्रिप्ट करून ठेवलं आणि किल्ली फक्त तुमच्या डोक्यात असेल तर त्यांचे फार वाईट हाल होतील. पासवर्ड आणि रिकव्हरी की कागदावर लिहून पाकिटात घाला, कपाटात किंवा बँकेच्या लॉकरमध्ये ठेवा, आणि नवरा, बायको, भाऊ जो कोणी विश्वासाचा असेल त्याला तुमच्यासमोर एकदा कंटेनर स्वतःच्या हाताने उघडायला लावा. कंटेनरची एक कॉपी बाहेरच्या डिस्कवर ठेवा, आणि टूल्स मेनूतून व्हॉल्यूम हेडरचा, म्हणजे कंटेनरच्या सुरुवातीच्या किल्ली असलेल्या भागाचा, बॅकअप घ्या, कारण फाइलचा तेवढा छोटा भाग खराब झाला तर बरोबर पासवर्ड टाकूनही आतलं काही उघडत नाही. पासवर्ड कधी बदललात तर पाकिटातला कागद बदला आणि हेडरचा बॅकअपही नवा घेऊन जुना पुसून टाका, जुना बॅकअप जुन्याच पासवर्डने उघडतो.