मैत्रीभावना करताना या चुका टाळा

मैत्रीभावना म्हणजे स्वतःचं आणि इतरांचं भलं मनापासून चिंतण्याचं बौद्ध ध्यान. सगळ्या जगाला एकदम शुभेच्छा दिल्या की ती झाली, अशा समजुतीनं लोक बसतात आणि आठवड्याभरात 'मला काहीच वाटत नाही' म्हणून सोडून देतात. चुकतं ते बहुधा पहिल्याच पायरीला: सुरुवात कोणापासून करायची?

उतावळी मंडळी थेट वैऱ्यालाच हात घालतात. छळणारा साहेब, अबोला धरलेली जाऊ. पाच मिनिटांत जबडा आवळतो, श्वास वरच्यावर चालतो आणि जुनं भांडण मनात नव्यानं रंगतं. बौद्ध आचार्य बुद्धघोषांनी पाचव्या शतकात 'विसुद्धिमग्ग' या ध्यानावरच्या पाली ग्रंथात क्रम सरळ सांगून ठेवलाय: आधी स्वतः, मग आदरणीय व्यक्ती, मग जिवलग, मग ज्याच्याशी ना घेणं ना देणं असा कोणी, आणि वैरी सर्वांत शेवटी.

जिवलगापासून सुरुवात केली तर काय होतं, तेही तिथंच आहे. एका माणसानं थेरांना (ज्येष्ठ भिक्खूंना) विचारलं, मैत्री कोणाविषयी करावी? उत्तर मिळालं, आवडत्या माणसाविषयी. त्याचं आवडतं माणूस म्हणजे त्याची बायको. तिच्याविषयी मैत्री करता करता गडी रात्रभर भिंतीशी झुंजत राहिला! ग्रंथावर भाष्य लिहिणारे खुलासा करतात: मैत्रीच्या आडून आसक्ती उसळली, बायकोकडे जायची ओढ लागली, आणि बंद खोलीचं दार काही सापडेना. द्वेष हा मैत्रीचा दूरचा शत्रू, तो लगेच ओळखू येतो. आसक्ती जवळची, म्हणून ती फसवते.

दिवंगत व्यक्तीही नको. गुरू वारल्याचं ठाऊक नसलेला एक भिक्खू असाच अडला होता. विषय बदलल्यावर त्याचं ध्यान लागलं.

वीस मिनिटं असतील तर आठ स्वतःला, सात आदरणीय व्यक्तीला, उरलेली पाच नुसतं शांत बसायला. 'मी निर्वैर असो, मी सुखी असो', एका उच्छ्वासाला एकच वाक्य. निदान पंधरा दिवस या दोघांपलीकडे जाऊ नका. पुढे वैऱ्यापाशी आल्यावर राग उफाळलाच, तर त्याच्याशी झटापट न करता सरळ आदरणीय व्यक्तीकडे परता. 'सात दिवसांत करुणा' छाप ऑडिओ हे परतणं शिकवत नाहीत, म्हणून ते मला पटत नाहीत.

योगवाल्यांची चूक वेगळी. पतंजलींच्या सूत्रात (१.३३) मैत्री सुखी माणसाविषयी आहे, करुणा दुःखी माणसाविषयी, मुदिता (दुसऱ्याच्या चांगल्यात आनंद) पुण्यवानाविषयी आणि उपेक्षा (हेळसांड नव्हे, तटस्थपणा) अपुण्याविषयी. आपण सगळ्यांना सरसकट करुणाच वाटत सुटतो. आजारी शेजाऱ्याबद्दल कळवळा सहज येतो. त्याच शेजाऱ्यानं तीन बेडरूमचा फ्लॅट घेतला की खरी परीक्षा. सराव तिथं करा.

शरीराकडे दुर्लक्ष नको. सूर्यनमस्कारानंतर धापा टाकत बसू नका. आधी पाच मिनिटं शवासन. मांडी घालताना गुडघे कमरेच्या वर राहत असतील तर बैठकीखाली घडी घातलेलं ब्लँकेट घ्या, नाहीतर पाठीला पोक येतो आणि सगळं लक्ष दुखण्याकडे जातं. भ्रामरीची (भुंग्यासारखा गुंजारव करत श्वास सोडण्याची) पाच आवर्तनं पुरतात. कान अंगठ्यानं हलके मिटा, दाबू नका.

डोळ्यांत पाणी आलं तर येऊ द्या. आलं नाही म्हणून आणण्याची खटपट करू नका.