ज्याचं सर्टिफिकेट नाही, तेही लिहून ठेवा

महापे एमआयडीसीतल्या एका कंपनीत फ्रेशर्सच्या मुलाखती घ्यायला मी बसते. कळवा, दिवा, घणसोलीकडून मुलं येतात. ट्रान्स-हार्बरच्या गर्दीतून जपून आणलेली जाडजूड फाईल टेबलावर ठेवतात. एलिमेंटरी-इंटरमिजिएटपासून एमएस-सीआयटीपर्यंत सगळं कप्प्याकप्प्यांत. मी विचारते, "एनएसएसमध्ये काय केलंत?" "श्रमदान केलं, मॅडम." पुढे काही नाही.

एनएसएसच्या प्रमाणपत्रामागे दोन वर्षांतलं २४० तासांचं काम आणि सात दिवसांचं शिबिर असतं. त्यात सांगण्यासारखं काहीच घडलं नाही, हे मला पटत नाही. तेव्हा लिहिलं नाही म्हणून आता आठवत नाही, इतकंच. म्हणून कॉलेजात पाऊल टाकलंत की एक वही घाला. शंभर पानी पुरे. काम केलं त्याच आठवड्यात तारीख टाकून लिहायचं: काय होतं, त्यातलं आपण नेमकं काय केलं, किती केलं, आणि कुणाला विचारलं तर तो हो म्हणेल. चार ओळी झाल्या की बास. मोबाईलवर लिहिलंत तरी चालेल, पण फोन बदलताना निम्मं हरवतं.

अकाउंट्सच्या जागेसाठी एक मुलगा आला होता. फाईलमध्ये विशेष काही नव्हतं. निघता निघता बोलण्यात आलं की सोसायटीच्या गणेशोत्सवाचा जमाखर्च तोच बघतो. वर्गणीची पावतीपुस्तकं कुणाकुणाकडे गेली, मंडपवाल्याला उचल किती दिली, विसर्जनानंतर फलकावर हिशेब लावायचा आणि दोनशे रुपये जुळेनात तर पावत्या पुन्हा चाळत बसायचं. मी म्हटलं, अहो, हे आधी का नाही सांगितलंत? तर म्हणे, "त्याचं सर्टिफिकेट नाही ना."

अशी कामं आपल्याकडे मोजलीच जात नाहीत. धाकट्या भावंडांची शिकवणी, काकांच्या दुकानातला माल मोजणं, आजोबांच्या पेन्शनसाठी बँकेत मारलेल्या खेपा. हे सगळं वहीत हवं. ब्रिटनमध्ये १९९१ पासून काही वर्षं शाळा सोडणाऱ्या मुलांना गुणांबरोबर अशा गोष्टींचीही नोंद असलेलं सरकारी फोल्डर मिळायचं. आपल्याकडे कुणी देईल याची वाट बघू नका.

ध्येयं वहीच्या मागच्या पानावर. "मोठी अधिकारी व्हायचंय" हे तिथे नको. "मेपर्यंत इंग्रजी टायपिंग ३० ची परीक्षा" असं लिहा, म्हणजे मे उलटल्यावर झालं की नाही ते कळतं. बेत बदलला तर खोडू नका, का बदलला ते शेजारी लिहा. मुलाखतीत अशा बदलांबद्दल हमखास विचारतात आणि खरं कारण सांगणारी मुलं निदान मला तरी आवडतात.

कागदांचं थोडक्यात: डिजिलॉकरवर मिळतात त्या मार्कशीट तिथे घेऊन ठेवा. खेळाची, एनसीसीची प्रमाणपत्रं स्कॅन करा, मूळ प्रती घरी असू द्या. लॅमिनेशन टाळा, मागे शिक्का मारायची वेळ आली की पंचाईत होते.

बायोडेटा करताना वहीतलं सगळं ओतू नका. त्या जागेला लागू पडतील अशा चार-पाच नोंदी घ्या. वही मुलाखतीला आणायची गरज नाही, आदल्या रात्री वाचून या.