ब्रिटनच्या वर्क व्हिसाची पगारअट: ऑफर लेटर आल्यावर हिशोब कसा मांडायचा

ऐरोली, घणसोली, महापेच्या कंपन्यांमधून ब्रिटनला जायची तयारी करणारे आजही भरपूर आहेत. बदलला आहे तो पगाराचा किमान आकडा. डिसेंबर 2020 मध्ये स्किल्ड वर्कर व्हिसा सुरू झाला तेव्हा वर्षाला 25,600 पौंड पुरत होते. एप्रिल 2023 मध्ये ते 26,200 झाले, 4 एप्रिल 2024 ला एकदम 38,700, आणि 22 जुलै 2025 पासून 41,700. पाच वर्षांच्या आत सोळा हजार पौंडांची वाढ. त्याच दिवशी कामाची पातळीही वाढवली. आता नव्या अर्जदाराचं काम साधारणपणे पदवीच्या पातळीचं असावं लागतं. शेफसारखी कामं त्यामुळे यादीबाहेर गेली. हॉटेल मॅनेजमेंट करून तिकडे जायचा बेत असेल तर हे आधी समजून घ्या.

ऑफर आली की घरात आकड्याला पौंडाच्या भावाने गुणलं जातं आणि पेढे येतात. व्हिसा अधिकारी मात्र वेगळा हिशोब करतो. तो हिशोब तुम्ही स्वतः, राजीनामा देण्याआधी, कागदावर मांडायला हवा.

एसओसी कोड आणि आठवड्याचे तास

कंपनीला पहिले दोन प्रश्न विचारा: माझ्या कामाचा एसओसी कोड (ब्रिटन सरकारने प्रत्येक प्रकारच्या कामाला दिलेला क्रमांक) कोणता, आणि करारात आठवड्याचे तास किती? या दोन गोष्टी कळल्याशिवाय पगार पुरेसा आहे की नाही हे सांगताच येत नाही.

नियम असा, की पगाराला दोन मोजपट्ट्या लागतात आणि जी मोठी ती तुमची. एक म्हणजे सर्वांसाठीची 41,700 ची किमान रक्कम. दुसरी म्हणजे त्या कोडचा गोइंग रेट, म्हणजे त्या कामासाठी सरकारने ठरवलेला पगाराचा दर. एप्रिल 2024 पर्यंत हा दर त्या कामात तळाच्या पंचवीस टक्के लोकांच्या वर राहण्याइतका पगार धरून ठरायचा. तेव्हापासून तो मधल्या माणसाच्या पगारावर ठरतो. खरा फटका इथे बसला. सॉफ्टवेअर डेव्हलपरचा कोड 2134. त्याचा दर एप्रिल 2024 मध्ये 49,400 होता, जुलै 2025 मध्ये 54,700 झाला. म्हणजे डेव्हलपरला 45,000 ची ऑफर आली तर ती 41,700 च्या वर असूनही व्हिसासाठी कमी पडते.

आता तास. गोइंग रेट आठवड्याला साडेसदतीस तास धरून छापलेला असतो. करारात 40 तास असतील तर दर त्या प्रमाणात वाढतो: 54,700 ला 40 ने गुणा, 37.5 ने भागा, उत्तर येतं 58,347. म्हणजे 56,000 ची ऑफर साडेसदतीस तासांना चालते आणि चाळीस तासांना फेटाळली जाते. आपल्याकडे करारातल्या तासांकडे कोणी बघत नाही, म्हणून ही चूक फार होते. 41,700 ची रक्कम मात्र तासांप्रमाणे कमी होत नाही, त्यामुळे अर्धवेळ कामावर हा व्हिसा टिकवणं जवळजवळ अशक्य असतं.

शिवाय तासाला किमान 17.13 पौंड पडले पाहिजेत, आणि आठवड्याचे 48 च्या वरचे तास पगार मोजताना धरत नाहीत. 41,700 पगार आणि 48 तासांचा करार घ्या. वर्षाचे तास 2,496, तासाला 16.71 पौंड. नापास.

पगार म्हणजे नेमका कोणता

आपल्या सीटीसीच्या सवयीने इथे घात होतो. बेसिक, एचआरए, व्हेरिएबल, कंपनीचा पीएफ, सगळं मिळून आपण पॅकेज म्हणतो. स्किल्ड वर्करसाठी फक्त हमी दिलेला, कर कापण्याआधीचा मूळ पगार धरतात. बोनस, ओव्हरटाइम, घरभाड्याचा किंवा महागाईचा भत्ता, कंपनीने पेन्शनमध्ये घातलेले पैसे यातलं काहीही मोजत नाहीत. ऑफरमध्ये "एकूण पॅकेज" असा शब्द दिसला तर लगेच मेल टाका आणि मूळ पगाराचा आकडा वेगळा मागा.

9 एप्रिल 2025 पासून आणखी एक अट आली. कंपनी तुमच्याकडून व्हिसाचा खर्च किंवा धंद्याचा कुठलाही खर्च वसूल करत असेल, मग तो पगारातून कापून असो वा तुम्ही परत भरून, तर तेवढी रक्कम पगारातून वजा करून मग अट तपासतात. मूळ पगार 42,000 आणि व्हिसाच्या खर्चापोटी महिना 150 पौंड कपात असेल, तर वर्षाचे 1,800 गेले. मोजला जाणारा पगार 40,200, म्हणजे किमान रकमेच्या खाली. कंपनी "आत्ता आम्ही भरतो, नंतर हळूहळू कापू" म्हणते तेव्हा ते सोयीचं वाटतं. पण हीच सोय अर्ज बुडवू शकते. इमिग्रेशन स्किल्स चार्ज, म्हणजे परदेशी माणूस घेताना कंपनीला सरकारला भरावी लागणारी रक्कम, तर कंपनीला तुमच्याकडून घेताच येत नाही. आणि 31 डिसेंबर 2024 पासून स्पॉन्सर लायसन्सचा (परदेशी माणूस कामावर घ्यायच्या परवान्याचा) आणि सर्टिफिकेट ऑफ स्पॉन्सरशिपचा, म्हणजे कंपनी तुमच्या नावाने देते त्या सीओएस दाखल्याचा, खर्चही तुमच्यावर टाकता येत नाही.

तिकडे शिकून नोकरी धरणाऱ्यांसाठी

मास्टर्स करून तिकडेच नोकरी शोधणाऱ्यांना, आणि अर्जाच्या दिवशी 26 वर्षांच्या आत असणाऱ्यांना, नवख्यांची सवलत मिळते: किमान 33,400 आणि गोइंग रेटच्या 70 टक्के, यातलं जे मोठं ते. डेव्हलपरसाठी 70 टक्के म्हणजे 38,290. साडेसदतीस तासांच्या कराराला हे जमू शकतं.

पण ही सवलत एकूण चार वर्षांचीच, आणि ग्रॅज्युएट व्हिसावर (तिथलं शिक्षण संपल्यावर काही काळ राहून काम करू देणाऱ्या व्हिसावर) काढलेला काळ त्याच चार वर्षांत धरतात. दोन वर्षं ग्रॅज्युएट व्हिसावर काढून मग स्पॉन्सर, म्हणजे व्हिसा देऊ शकणारी परवानाधारक कंपनी, मिळाला, तर सवलतीची दोनच वर्षं उरतात. त्यानंतरच्या अर्जाला पूर्ण दर लागतो. 38,290 वरून 54,700 वर दोन वर्षांत पगार नेणारी कंपनी क्वचित भेटते. खारघर, नेरुळचा फ्लॅट तारण ठेवून शैक्षणिक कर्ज काढणाऱ्या कुटुंबांनी हप्त्यांचं गणित या चार वर्षांशी जुळवून बघावं. ग्रॅज्युएट व्हिसा मिळाल्या मिळाल्या स्पॉन्सर शोधायला लागणं पगाराच्या दृष्टीने फायद्याचं. शिवाय 1 जानेवारी 2027 पासूनच्या अर्जांना, पीएचडी सोडून, ग्रॅज्युएट व्हिसा दोन वर्षांऐवजी अठरा महिन्यांचाच मिळणार आहे.

मुदतवाढ: लोक अडकतात ते इथे

पगारअट एकदा पार केली की सुटलो, असं बहुतेकांना वाटतं. ती चार वेळा आडवी येते: पहिल्या व्हिसाला, मुदतवाढीला, कंपनी बदलताना आणि कायमच्या वास्तव्याच्या अर्जाला. प्रत्येक वेळी तुम्ही जुने असलात तरी आकडा नवा असतो.

समजा मे 2024 मध्ये एखादी डेव्हलपर 49,400 वर तीन वर्षांच्या व्हिसाने गेली. मे 2027 मध्ये मुदतवाढ मागताना तिला त्या दिवशीचा दर लागेल. जुलै 2025 चाच दर राहिला असं धरलं तरी 5,300 पौंडांची वाढ तीन वर्षांत मिळालेली असली पाहिजे. ती नसेल तर काम चोख करूनही मुदतवाढ अडते. म्हणून ऑफरवर सही करण्याआधीच पुढच्या गोष्टी लेखी मागा. नोकरी मिळण्याच्या आनंदात हे मागायचं धाडस होत नाही, पण मागायची वेळ तीच असते.

- मुदतवाढीच्या वेळी त्या दिवशीच्या किमान अटीइतका पगार देऊ, किंवा देता येणार नसेल तर निदान सहा महिने आधी लेखी कळवू, असं कलम.
- एसओसी कोड, आठवड्याचे तास आणि मूळ पगार करारात. सीओएसवर शब्दशः तेच.
- व्हिसाचा कोणता खर्च कंपनीचा, कोणता तुमचा, आणि नोकरी सोडल्यास काय परत द्यायचं.

4 एप्रिल 2024 पूर्वीच्या सीओएसवर गेलेले आणि तेव्हापासून खंड न पडता याच व्हिसावर असलेले लोक वेगळ्या खान्यात येतात. त्यांना किमान 31,300 पौंड आणि गोइंग रेटची खालची पातळी लागते. ही सवलत 4 एप्रिल 2030 पर्यंत आहे. तिची किंमत फार मोठी आहे, म्हणून ती सहज घालवू नका. मध्येच जोडीदाराच्या व्हिसावर डिपेंडंट झालात तर साखळी तुटते आणि परत येताना 41,700 ची मोजपट्टी लागते.

पगार कमी झाला तरी तेच. मंदीत "तीन महिने ऐंशी टक्के पगार घ्या" असा मेल आला आणि तुम्ही हो म्हणालात, तर तो कमी पगार कंपनीला ब्रिटनच्या गृह खात्याला कळवावा लागतो. तो अटीखाली गेला तर स्पॉन्सरशिपच धोक्यात येते. वर्षात चार आठवड्यांहून जास्त बिनपगारी रजेचंही तसंच. बाळंतपण, आजारपण अशी ठरावीक कारणं वगळली आहेत. आईवडिलांच्या आजारपणासाठी दोन महिने ठाण्याला यायचं असेल तर आधी एचआरशी बोला, मग तिकीट काढा. नोकरी सुटली आणि व्हिसाची मुदत कमी केल्याचं पत्र आलं, की नवा स्पॉन्सर शोधायला साधारणपणे 60 दिवस मिळतात.

कंपनीने इथूनच ऑनसाइट पाठवलं तर बहुधा तो ग्लोबल बिझनेस मोबिलिटीचा सीनियर ऑर स्पेशालिस्ट व्हिसा असतो. त्याची किमान रक्कम 52,500, आणि त्यावर कायमचं वास्तव्य मिळत नाही. एचआरला व्हिसाचं पूर्ण नाव विचारा. "यूके वर्क परमिट" हे उत्तर पुरेसं नाही.

हातात काय येतं, जाताना काय लागतं

41,700 वर 2025-26 च्या दराने इंग्लंडमध्ये आयकर 5,826 आणि नॅशनल इन्शुरन्स (सामाजिक सुरक्षेची सक्तीची कपात) साधारण 2,330. महिन्याला हातात सुमारे 2,795 पौंड, आणि पेन्शनची नेहमीची कपात झाली की 2,680 च्या आसपास. घरभाडं यातूनच.

जायचा खर्च कुटुंबासह मोठा आहे. एप्रिल 2025 च्या दराने तीन वर्षांपर्यंतच्या व्हिसाची फी माणशी 769, आणि तिथल्या सरकारी आरोग्यसेवेसाठीचा आरोग्य अधिभार मोठ्यांना वर्षाला 1,035, मुलांना 776. नवरा, बायको, एक मूल आणि तीन वर्षं: फी 2,307 आणि अधिभार 8,538, मिळून 10,845 पौंड. पौंड 115 रुपये धरला तर साडेबारा लाखांच्या जवळ. कंपनी फक्त तुमचं भरते की घरच्यांचंही, हे विचारा. अर्ज नाकारला तर अधिभार परत मिळतो, फी नाही. दर बहुधा एप्रिलमध्ये बदलतात, त्यामुळे भरायच्या दिवशी सरकारी पानावर पुन्हा बघा.

8 जानेवारी 2026 पासून पहिल्यांदा अर्ज करणाऱ्यांना इंग्रजीची बी2 पातळी लागते. आयईएलटीएस फॉर यूकेव्हीआयमध्ये चारही भागांत प्रत्येकी 5.5. इंग्रजी माध्यमातून पदवी असेल तर एक्टिसकडून (परदेशी पदव्या तपासणाऱ्या ब्रिटनमधल्या संस्थेकडून) तसं प्रमाणपत्र चालतं, पण विद्यापीठाच्या कागदांना वेळ लागतो, म्हणून ते काम आधी सुरू करा. क्षयरोगाची तपासणी ब्रिटनने मान्य केलेल्या केंद्रातच करा. प्रमाणपत्र सहा महिने चालतं. आरोग्य किंवा शिक्षण क्षेत्रातलं काम असेल तर पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेटही लागतं. ठाणेकरांना त्यासाठी वागळे इस्टेटच्या पासपोर्ट सेवा केंद्राची वेळ घेता येते. सीओएस मिळाल्यापासून तीन महिन्यांत वापरावा लागतो, तेव्हा हे सगळं आधी हाताशी ठेवा.

नर्स, केअर वर्कर आणि एजंट

नर्सिंगचा हिशोब वेगळा आहे. हेल्थ अँड केअर व्हिसावर ब्रिटनच्या राष्ट्रीय वेतनश्रेणीतल्या कामांना किमान 25,000 आणि त्या श्रेणीचा पगार लागतो. इंग्लंडमध्ये 2025-26 ला नोंदणीकृत नर्सची बँड 5 ची सुरुवात 31,049 होती, म्हणजे अट सहज बसते. आरोग्य अधिभार माफ, फी एप्रिल 2025 च्या दराने तीन वर्षांपर्यंत 304. वाशी, नेरुळच्या हॉस्पिटलांतल्या परिचारिकांसाठी हा रस्ता अजून उघडा आहे.

केअर वर्करचा रस्ता मात्र 22 जुलै 2025 पासून परदेशातून येणाऱ्यांना बंद आहे. आजही कोणी "केअर व्हिसा, बारा लाख, महिन्यात काम" म्हणत असेल तर एक रुपयाही देऊ नका. त्यात कर्ज काढून गेलेली, कामच न मिळालेली कुटुंबं आहेत.

बाकी कामांसाठी एजंट असला तरी तीन तपासण्या स्वतः करा. ब्रिटन सरकारच्या परवानाधारक स्पॉन्सरांच्या यादीत कंपनीचं नाव, पुढे "स्किल्ड वर्कर" आणि ए रेटिंग आहे का. कंपनीज हाउसच्या (ब्रिटनच्या सरकारी कंपनी-नोंदणी कार्यालयाच्या) मोफत संकेतस्थळावर ती किती जुनी आहे आणि हिशोबपत्रकात किती माणसं दाखवते. दोन माणसांची कंपनी वीस डेव्हलपरांना 55,000 देणार असेल तर थांबा. आणि एजंटची भारत सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर नोंदणी आहे का. नोंदणीकृत एजंटला उमेदवाराकडून 30,000 रुपये आणि जीएसटी याहून जास्त घेता येत नाही. पैसे चेकने किंवा ऑनलाइन द्या, पावती घ्या. सीओएससाठी वेगळी किंमत सांगितली तर तो व्यवहार बेकायदेशीर आहे. चॅट आणि पावत्या जपून ठेवा आणि मुंबईच्या प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्सकडे (परदेशी कामाला जाणाऱ्यांच्या संरक्षणासाठीच्या भारत सरकारच्या अधिकाऱ्याकडे) व जवळच्या पोलीस ठाण्यात तक्रार द्या.