हेच ठिकाण का? खानदेशातून आयनांबर संशोधनासाठी अनुदान मागताना

आयनांबर, म्हणजे वातावरणाचा वरचा विद्युतभारित थर, अभ्यासण्यासाठीचा माझा पहिला प्रस्ताव परत आला तेव्हा परीक्षकांचा शेरा एका ओळीचा होता. हे निरीक्षण याच ठिकाणाहून का करायचं? आठवडाभर राग गेला नाही. मग प्रस्ताव पुन्हा वाचायला घेतला आणि दिसलं की या प्रश्नाचं उत्तर मी कुठेच लिहिलेलं नाही. 'ग्रामीण भाग', 'सोयींचा अभाव', 'विद्यार्थ्यांना संधी' हे मात्र पहिल्याच पानावर तीनदा आलं होतं. ते सगळं खरं आहे. पण रावेर-यावलच्या आकाशात असं काय आहे जे अहमदाबादहून दिसत नाही, हे त्यातून समितीला कसं कळणार? जळगाव जिल्ह्यातल्या तालुक्याच्या कॉलेजात मी भौतिकशास्त्र शिकवतो. याच वाटेने निघालेल्या नव्या प्राध्यापकांसाठी आणि पीएच.डी.च्या मुलांसाठी हे लिहितोय.

चुंबकीय विषुववृत्त, म्हणजे जिथे पृथ्वीच्या चुंबकीय रेषा जमिनीला समांतर असतात ती रेषा, भारताच्या दक्षिण टोकाजवळून, तिरुनेलवेलीच्या आसपास जातं. दिवसा तिथल्या विद्युतक्षेत्रामुळे आयनांबरातले इलेक्ट्रॉन वर ढकलले जातात आणि चुंबकीय रेषांवरून घसरत उत्तरेला आणि दक्षिणेला साचतात, कारंज्याचं पाणी दोन्ही बाजूंना पडावं तसे. उत्तरेकडची ही रास आपल्याकडे साधारण अहमदाबाद-भोपाळच्या पट्ट्यात येते. पण ती एका जागी थांबत नाही. विद्युतक्षेत्र कमजोर असलेल्या दिवशी ती तिथवर पोचतच नाही, अलीकडेच साचते. जळगाव 21 अंश अक्षांशावर, अहमदाबाद 23 वर, कोल्हापूर 17 च्या थोडं खाली. म्हणजे रास पुढे-मागे सरकते ती आपल्या डोक्यावरून. दुसऱ्या प्रस्तावाचा पहिला परिच्छेद एवढाच होता. 'मागास' हा शब्द त्यात एकदाही नव्हता.

त्याला जोड दिली मोफत मिळणाऱ्या माहितीची. आयनांबराचे जागतिक नकाशे कुणालाही उतरवून घेता येतात. पण त्यांची जाळी अक्षांशात अडीच अंशांची आणि रेखांशात पाच अंशांची. आपल्याकडे ती एक चौकट उत्तर-दक्षिण सुमारे 280 किलोमीटर आणि पूर्व-पश्चिम 520 किलोमीटर होते, नंदुरबारपासून रावेरपर्यंतचा सगळा खानदेश त्यात मावेल. हैदराबाद आणि बंगळुरूच्या खुल्या स्थानकांची वर्षभराची मोजमापं घेऊन माझ्या दोन विद्यार्थिनींनी आलेख काढले आणि त्यांच्या उत्तरेची रिकामी जागा दाखवली. रुपयाही न मागता केलेलं हे काम प्रस्तावात सगळ्यात जास्त बोललं. म्हणून अनुदानाची जाहिरात येण्याची वाट पाहू नका, आलेख आधी काढा.

उपकरण म्हणाल तर आम्ही दोन वारंवारतांचा जीपीएस रिसीव्हर मागितला. 1575.42 आणि 1227.60 मेगाहर्ट्झ हे दोन संदेश आयनांबरातून येताना वेगवेगळे रेंगाळतात आणि त्या फरकावरून वाटेतले इलेक्ट्रॉन मोजता येतात. हवा-प्रकाश, म्हणजे वरच्या हवेतून रात्री येणारा अंधुक उजेड, टिपणारा कॅमेराही मनात होता, तोरणमाळचं काळोखं आकाश त्यासाठी फार चांगलं. पण त्याला चांदणं चालत नाही आणि पावसाळ्याचे चार महिने हातचे जातात. पहिल्या प्रस्तावात एकच उपकरण मागा, रात्रंदिवस आणि बारा महिने चालणारं.

आता पैशांचं. संशोधनाला पैसे देणारं केंद्राचं अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशन 2023 च्या कायद्याने आलं आणि जुनं 'सर्ब' (विज्ञान व अभियांत्रिकी संशोधन मंडळ) त्यात गेलं. बाहेरच्या संस्थांच्या संशोधनाला पैसे देणारा इस्रोचा 'रिस्पॉन्ड' कार्यक्रम आहे, त्याची विषयसूची वाचूनच अर्ज करा. मुंबईतला राजीव गांधी विज्ञान व तंत्रज्ञान आयोगही राज्यातल्या विद्यापीठांना मदत करतो. जुन्या संस्थेतला सह-संशोधक सोबत असेल तर बळ येतं, मात्र मोजमापं कुणाच्या ताब्यात राहतील हे आधीच कागदावर आणा.

कार्यालयातल्या भाऊसाहेबांना पहिल्या दिवसापासून सोबत घ्या. प्राचार्यांचं संमतिपत्र, जेम या सरकारी खरेदीच्या पोर्टलवर वस्तू मिळत नसल्याचा अहवाल, अनुदान कशावर खर्च झालं हे सांगणारं वर्षाअखेरीचं उपयोगिता प्रमाणपत्र हे सगळं त्यांच्याच हातून जाणार. खात्यात पडलेल्या अनुदानावरचं व्याजसुद्धा सरकारला परत करायचं असतं, हे मला त्यांनीच सांगितलं. उपयोगिता प्रमाणपत्र अडकलं की पुढचा हप्ता अडकतो आणि प्रकल्पावरच्या मुलाची फेलोशिप थांबते. आमच्या मुलाने पाच महिने बिनपगारी काम केलं. त्याच्या घरी कपाशीचं पीक गेलं होतं ते वर्ष. ते मला अजून टोचतं.

आणखी एक गोष्ट माझ्या हातून राहिली, ती तुमच्या हातून राहू नये. खर्चाच्या तक्त्यात मी अर्थिंग, वीजरोधक आणि बॅटरी धरलीच नव्हती. शहरातल्या संस्थेचा नमुना समोर ठेवून तक्ता भरला होता आणि तिथे हे इमारतीतच असतं. आमच्याकडे वीज दिवसातून कितीदा येते-जाते, हे मला माहीत असूनही मी लिहिलं नाही. रिसीव्हर आला, पण अर्थिंगचा खर्च मंजूर होईना. 10 मे 2024 च्या रात्री 2003 नंतरचं सगळ्यात मोठं चुंबकीय वादळ आलं, म्हणजे सूर्याकडून आलेल्या धक्क्याने पृथ्वीचं चुंबकक्षेत्र आणि त्यासोबत आयनांबरही हादरलं. लडाखमधल्या हानलेचं आकाश लाल झालं. आमचा रिसीव्हर प्रयोगशाळेच्या कपाटात खोक्यात होता. तशी रात्र पुन्हा कधी येईल, कोण जाणे.

शेवटी जूनमध्ये गच्चीखाली भिंतीच्या कडेला खड्डा खणला, कोळसा-मिठाचे थर दिले, तांब्याची पट्टी सोडली. शेजारच्या मळ्यातले आप्पा बांधावर येऊन उभे राहिले. "हाई काय शे भाऊ? मोबाइलना टावर शे का?" मी त्यांना उपग्रहाचं सांगितलं. त्यांनी खड्डा पाहिला आणि म्हणाले, काळी माती आहे, उन्हाळ्यात भेगा पडतील, पाणी टाकत जा. मीटरने तेच दाखवलं, माती सुकली की रोध वाढतो. आता फेब्रुवारी ते जून दर सोमवारी खड्ड्यात दोन बादल्या पाणी जातं आणि नव्या प्रस्तावाच्या तक्त्यात अर्थिंगची ओळ रिसीव्हरच्या लगेच खाली आहे.