ट्रेलर थांबवून पाहा: नव्या युद्ध-गेमवर पैसे टाकण्याआधीची तयारी

डिसेंबरातला गेम अवॉर्ड्सचा, नव्या गेमांचे ट्रेलर दाखवणारा सोहळा लॉस एंजेलिसला संध्याकाळी पाचला सुरू होतो, म्हणजे आपल्याकडे सकाळचे साडेसहा. इंदूरमध्ये ही पोह्यांना वाफ धरायची वेळ. जिलेबीचा पहिला घाणा निघेस्तोवर रामबागेपासून सुदामा नगरपर्यंत सगळ्या ग्रुपांवर निकाल लागलेला असतो: ‘जबरदस्त, भिया! पहिल्याच दिवशी घ्यायचा.’ ट्रेलर बनवलेलाच असतो तेवढ्यासाठी. पहिल्यांदा पाहताना खुशाल ओरडा. पैशांचा विचार मात्र दुसऱ्यांदा पाहताना करायचा, आणि तेव्हा हात स्पेस बारवर हवा.

सुरुवात तळाच्या बारीक ओळीपासून करा. ‘प्री-रेंडर्ड’ म्हणजे सिनेमा. गेमशी त्याचं नातं पोस्टरइतकंच. ‘इन-इंजिन’ हा शब्द जास्त फसवा आहे. दृश्य गेमच्या इंजिनात, म्हणजे गेम ज्या सॉफ्टवेअरवर चालतो त्यात, बनलंय, पण कॅमेरा, प्रकाश आणि माणसं हवी तशी मांडलेली आहेत, आणि ते तुमच्या मशीनवर सेकंदाला ६० फ्रेमने (चित्रांनी) पळेल असं कोणीही म्हटलेलं नाही. ‘कॅप्चर्ड ऑन पीसी’ लिहिलं असेल तर कोणता पीसी हे सहसा लिहीत नाहीत. सगळ्यांत महागडा, असं धरून चाला. ज्या ट्रेलरवर काहीच लिहिलेलं नाही, त्याला सिनेमाच समजा. २००५च्या ई-थ्री या गेम-मेळ्यात ‘किलझोन २’चा जो ट्रेलर लोकांनी गेमप्ले म्हणून डोक्यावर घेतला, तो आधीच रेंडर केलेला निघाला. प्रत्यक्ष गेम यायला २००९ उजाडलं.

आता फ्रेम मोजायला बसा. यूट्यूबवर क्वालिटी २१६०पी करा, मॉनिटर १०८०पीचा असला तरी. कमी क्वालिटीला बिटरेट (सेकंदाला येणारा डेटा) कमी मिळतो, त्यामुळे धूर, धूळ आणि गवत यांचा चिखल होतो आणि दोष गेमला लागतो. क्वालिटीच्या आकड्यापुढे ६० लिहिलेलं आहे ना तेही बघा. नसेल तर व्हिडिओ ३० फ्रेमचा आहे आणि खालची गणितं त्या हिशेबाने बदलतील. व्हिडिओ थांबवून फुलस्टॉपची कळ दाबली की एक फ्रेम पुढे, स्वल्पविरामाची दाबली की एक फ्रेम मागे.

सगळ्यांत आधी गोळ्यांचा आकडा. स्क्रीनच्या कोपऱ्यात ३० दिसतंय, सहा गोळ्या सुटल्या, तरी आकडा ३०च? मग ती पट्टी नंतर चिकटवलेली आहे. कोपरे रिकामेच असतील तर तो गेमप्ले म्हणून मोजूच नका. मग भिंतीकडे बघा: गोळ्यांची भोकं पडतात का, आणि कॅमेरा फिरून परत आला तेव्हा ती तिथेच आहेत का. ‘सगळं उद्ध्वस्त करता येतं’ असं सांगणाऱ्या गेममध्ये कोणती भिंत पडते आणि कोणती नाही, याची यादी करा. ठरावीक दोन-तीनच पडत असतील तर तो देखावा आहे. दूरची झाडं आणि सावल्या जवळ येताना अचानक ‘उगवतात’ का तेही टिपा. ट्रेलरमध्येच उगवत असतील तर तुमच्याकडे नक्की उगवतील.

शत्रूची अक्कल ट्रेलरमधून कळणं सगळ्यांत अवघड. ‘एलियन्स: कलोनिअल मरीन्स’ २०१३ साली आला तेव्हा त्यातले एलियन बावळटासारखे धावत येत. पाच वर्षांनी लोकांना एका सेटिंग फाइलमध्ये ‘टेदर’ या शब्दाच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये एक अक्षर जास्त पडलेलं सापडलं. ते काढलं आणि तेच एलियन बरेच शहाणे झाले! म्हणून ट्रेलरमध्ये खेळणाऱ्याकडे बघू नका, बाजूच्यांकडे बघा. सोबतीच्या सैनिकांच्या गोळ्यांनी कोणी पडतं का? खेळणारा रीलोड करत असताना शत्रू पुढे सरकतात, की आपली पाळी यायची वाट बघत उभे राहतात?

पुढचा आकडा मारायला लागणाऱ्या वेळेचा, म्हणजे टीटीकेचा. लष्करी आणि साय-फाय गेममधला खरा फरक इथे आहे, गणवेशात नाही. समजा बंदूक मिनिटाला ८०० गोळ्या सोडते, तर दोन गोळ्यांत ७५ मिलिसेकंदांचं अंतर. आरोग्य १०० आणि प्रत्येक गोळीला २५ जात असतील, तर चार गोळ्या लागतील. पहिली शून्यावर, म्हणून मधली अंतरं तीन, एकूण २२५ मिलिसेकंद. ट्रेलरमध्ये पहिल्या हिटमार्करपासून (गोळी लागल्याच्या खुणेपासून) शत्रू पडेपर्यंतच्या फ्रेम मोजा; ६० फ्रेमच्या व्हिडिओत एक फ्रेम १६.७ मिलिसेकंदांची, तेव्हा १४ फ्रेम म्हणजे जवळपास तेवढंच. मोजणी मल्टिप्लेअरच्या दृश्यावर करा, कारण कॅम्पेनमधले, म्हणजे कथेच्या भागातले शत्रू मुद्दाम कच्चे ठेवलेले असतात.

‘हेलो’सारख्या गेममध्ये आधी ढाल उतरवावी लागते, म्हणून हा वेळ लांबतो. ‘कॉल ऑफ ड्यूटी’ची सवय असलेल्याला वाटतं की समोरचा मरतच नाही. तो गेमचा दोष नाही. लांब टीटीकेमध्ये निशाणा धरून ठेवणारा जिंकतो, आखूडमध्ये आधी पाहणारा. तुम्ही कोण, ते तुम्हाला माहीत असतं. ‘हेलो: कॅम्पेन इव्हॉल्व्ड’ आणि ‘गिअर्स ऑफ वॉर: ई-डे’ या दोन्हींसाठी २०२६ साल जाहीर झालं होतं, त्यांचे ट्रेलर शेजारी शेजारी ठेवून ही मोजणी करून पाहा, चांगला सराव होतो.

आवाजाचीही परीक्षा घ्या. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, म्हणजे एक किलोमीटरवरच्या स्फोटाचा धमाका जवळपास तीन सेकंदांनी ऐकू यायला हवा. ‘आर्मा’सारखे सिम्युलेशनवाले हे पाळतात, बहुतेक अ‍ॅक्शन गेम पाळत नाहीत. गेमला कोणत्या रांगेत बसवायचं ते एवढ्यावरून कळतं. याचा एक दुसराही उपयोग आहे: ‘आर्मा ३’चे तुकडे खऱ्या युद्धाचे म्हणून इतके फिरले, की २०२२ साली कंपनीलाच ते ओळखायचे कसे हे सांगावं लागलं. नातेवाइकांच्या ग्रुपवर रात्रीचं ‘युद्ध’ आलं, तर आधी धमाका प्रकाशाबरोबरच ऐकू येतोय का ते बघा. येत असेल तर काकांना पुढे पाठवू नका म्हणावं. उशिरा आला म्हणून मात्र खरं धरू नका, ‘आर्मा’ही तो उशिराच देतो.

इथवर ट्रेलरची बाजू झाली. आता आपल्या मशीनची, आणि लोक जास्त अडकतात ते इथेच.

गेमसाठी कोणतं मशीन लागतं हे सांगणाऱ्या गरजांच्या तक्त्यात ग्राफिक्स कार्डाचं नाव शेवटी वाचा. आधी त्यावर लिहिलेलं रिझोल्यूशन, फ्रेम आणि सेटिंग वाचा. ‘बॅटलफील्ड ६’चं किमान कार्ड आरटीएक्स २०६० होतं, पण १०८०पी, ३० फ्रेम आणि सर्वांत कमी सेटिंगसाठी. शूटरमध्ये ३० फ्रेम म्हणजे दर चित्राला ३३ मिलिसेकंद, नेम धरताना ते हातालाच कळतं. तक्त्यात अपस्केलिंग धरलंय का तेही बघा. एनव्हिडियाच्या डीएलएसएस या अपस्केलिंगच्या ‘क्वालिटी’ सेटिंगवर १४४०पीचं चित्र खरं ९६०पीला बनतं आणि मग मोठं केलं जातं, १४४०पीला हे चालून जातं, १०८०पीवर मात्र आतलं चित्र ७२०पीचं उरतं आणि दूरचा स्नायपर झुडपात विरघळतो. फ्रेम जनरेशनने (मध्ये बनवलेल्या फ्रेम घालून) वाढलेला आकडा वेगळा ठेवा. मूळ फ्रेम ६०च्या आसपास नसतील तर चित्र गुळगुळीत दिसतं, हात जडच राहतो.

कार्ड पुरेसं असूनही गेम सुरूच होत नाही, याचं सध्याचं मोठं कारण सिक्युअर बूट, म्हणजे पीसी सुरू होताना फक्त खात्रीचंच सॉफ्टवेअर चालू देणारी सोय. ‘बॅटलफील्ड ६’ आणि ‘ब्लॅक ऑप्स ७’, दोघांनीही पीसीवर ते आणि टीपीएम २.० (मशीनमधला सुरक्षेचा भाग) मागितलं. गेम येण्याच्या आठवडाभर आधीच तपासा. स्टार्टमध्ये सिस्टिम इन्फर्मेशन उघडा. ‘बायोस मोड’पुढे यूईएफआय (सुरू होण्याची नवी पद्धत) आणि ‘सिक्युअर बूट स्टेट’पुढे ऑन हवं. टीपीएमसाठी रन खिडकीत टीपीएम डॉट एमएससी टाइप करा, आवृत्ती २.० दिसली पाहिजे. टीपीएम दिसतच नसेल तर बहुतेक वेळा बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंगमध्ये) बंद असतं: इंटेलवर पीटीटी, एएमडीवर एफटीपीएम या नावाने शोधा.

बायोस मोडपुढे ‘लेगसी’ आलं तर घाईने बायोसमध्ये शिरू नका. जुळवलेल्या बऱ्याच पीसींत विंडोज जुन्या पद्धतीने टाकलेलं असतं आणि डिस्कची मांडणी एमबीआर या जुन्या प्रकारची असते. तशा डिस्कवर सीएसएम (जुन्या पद्धतीने सुरू होऊ देणारी बायोसची सोय) बंद केलं की विंडोज सुरूच होणार नाही. आधी महत्त्वाच्या फाइलींची प्रत काढा. बिटलॉकर (विंडोजचं डिस्कचं कुलूप) चालू असेल तर त्याची रिकव्हरी की कागदावर उतरवा आणि ते थांबवून ठेवा. मग अ‍ॅडमिन म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडून डिस्क जीपीटी या नव्या मांडणीत नेणारं विंडोजचं ‘एमबीआर टू जीपीटी’ हे अवजार चालवा (नावातला ‘टू’ म्हणजे आकडा २, सगळं एकत्र लिहायचं). पहिल्यांदा व्हॅलिडेट, ते पास झालं तरच कन्व्हर्ट. दोन्ही वेळा ‘अलाउ फुल ओएस’ हा पर्याय जोडावा लागतो. व्हॅलिडेट नापास होण्याचं नेहमीचं कारण म्हणजे डिस्कवर आधीच चार पार्टिशन असणं. कन्व्हर्ट झाल्यावर बायोसमध्ये सीएसएम बंद, मग सिक्युअर बूट चालू. बायोस ‘एनेबल्ड’ म्हणतोय आणि विंडोज तरी ऑफ दाखवतंय, तर सिक्युअर बूटच्या किल्ल्या भरलेल्या नाहीत: तिथेच फॅक्टरी कीज परत आणण्याचा पर्याय असतो. फार जुनं ग्राफिक्स कार्ड असेल तर सीएसएम बंद केल्यावर स्क्रीन काळीच राहू शकते. त्यासाठी प्रोसेसरच्या ग्राफिक्सचा पोर्ट चालतो का हे आधीच पाहून ठेवा.

रॅमसाठी आरएनटी मार्गावर सिल्व्हर मॉलला चक्कर मारणार असाल तर १६ जीबीची एक पट्टी घेऊ नका, ८-८च्या दोन घ्या. एका पट्टीवर रॅम एकाच चॅनेलने चालते आणि मोठ्या नकाशांवर फ्रेम मध्येच कोसळतात. लावल्यावर बायोसमध्ये एक्सएमपी (रॅमला तिच्यावर लिहिलेल्या वेगाने चालवणारं सेटिंग) चालू करा, नाहीतर ३२०० लिहिलेली डीडीआर४ रॅम मुकाट्याने २१३३ किंवा २६६६वर चालत राहते. मॉनिटरची वायर मदरबोर्डला नाही, ग्राफिक्स कार्डलाच आहे ना, हे वाचून हसू येईल, पण एकदा मागे वाकून बघाच. इंटेलच्या १३व्या-१४व्या पिढीचा आय७ किंवा आय९ असेल आणि शेडर (चित्र रंगवणारे छोटे प्रोग्रॅम) बनताना ‘व्हिडिओ मेमरी संपली’ म्हणून गेम पडत असेल, तर दोष कार्डाचा नसण्याची शक्यता मोठी. २०२४च्या शरद ऋतूनंतरचा बायोस टाका. आधीच झिजलेला प्रोसेसर त्याने बरा होत नाही, तो वॉरंटीतच बदलावा लागतो.

उन्हाळ्याचं वेगळं. खोली जितके अंश तापते, कार्डही साधारण तितकेच तापतं. जानेवारीत १८ अंशांच्या खोलीत ६५वर राहणारं कार्ड मेमध्ये ३८ अंशांच्या खोलीत ८५ला टेकतं, आणि तिथे ते स्वतःच वेग कमी करतं. कार्डाची पॉवर लिमिट (विजेची मर्यादा) ८० टक्क्यांवर आणा; फ्रेम थोड्याच जातात, उष्णता बरीच जाते. धूळ ब्लोअरने काढताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा. वाळ्याचा कूलर कॅबिनेटच्या तोंडावर कधीच नको: ओल आत जाते आणि पाण्यातल्या क्षारांची पांढरी भुकटी बसते.

यूपीएसही बघून घ्या. ६०० व्हीएचा यूपीएस प्रत्यक्षात ३६० वॉटच्या आसपास देतो. आरटीएक्स ४०६० एकटं ११५ वॉट घेतं, ३०६० टीआय २००. या दुसऱ्या कार्डाच्या जोडीला मोठा प्रोसेसर आणि मॉनिटर आला की लाइट जाताच यूपीएससकट सगळं बंद. १००० व्हीए घ्या.

ऑनलाइन खेळणार असाल तर सर्व्हर कुठे आहे ते विचारा. फायबरमधून सिग्नल मिलिसेकंदाला साधारण २०० किलोमीटर जातो. इंदूरहून मुंबई सरळ रेषेत ५०० किलोमीटरच्या जवळपास, म्हणजे जाऊन-येऊन पाच मिलिसेकंद. सिंगापूर ३,९०० किलोमीटर, म्हणजे कितीही चांगलं कनेक्शन असो, ३९च्या खाली जाणार नाही, आणि प्रत्यक्षात त्याहून जास्तच लागतो. वर काढलेला २२५चा टीटीके यासमोर ठेवा. ओपन बीटा (सगळ्यांसाठी खुली चाचणी आवृत्ती) आली की ट्रेलर विसरा आणि तीच खेळा, तेही रात्री नऊ-दहाला, कारण खरा पिंग, म्हणजे हाच जाण्या-येण्याचा वेळ, तेव्हाच दिसतो.

गेम खुला होण्याच्या वेळा अमेरिकेच्या पॅसिफिक घड्याळाने जाहीर होतात: मार्चच्या दुसऱ्या रविवारपासून नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपर्यंत साडेबारा तास मिळवा, बाकीच्या काळात साडेतेरा. १०० जीबी उतरवायला १०० एमबीपीएसवर सव्वादोन तास, ४०वर साडेपाच. प्रीलोड केलं, म्हणजे गेम आधीच उतरवून ठेवला, तरी ती फाइल कुलूपबंद असते. उघडताना डिस्कवर जवळजवळ तेवढीच रिकामी जागा लागते; हार्ड डिस्क असेल तर त्यातच मध्यरात्र होते.

प्री-ऑर्डरने मिळते ती बहुतेक एखादी रंगवलेली बंदूक. तरी करायचीच असेल तर स्टीम या पीसी गेमच्या ऑनलाइन दुकानात करा: गेम येईपर्यंत कधीही पैसे परत मिळतात, आल्यानंतर १४ दिवसांत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलं असेल तर. ‘अ‍ॅडव्हान्स्ड अ‍ॅक्सेस’मध्ये, म्हणजे गेम येण्याआधीच, खेळलेला वेळही या दोन तासांत धरतात. प्लेस्टेशनवर डाउनलोड सुरू केलं की ही सोय संपते, बिघाड असेल तरच गोष्ट वेगळी. गेमच्या आत शेडर बनत असतात तो वेळही स्टीमच्या घड्याळात पडतो, कधीकधी वीस मिनिटं. म्हणून पहिली सुरुवातीची दृश्यं न पाहता थेट मल्टिप्लेअरचा सगळ्यांत गर्दीचा नकाशा उघडा, फ्रेम आणि पिंगचे आकडे स्क्रीनवर लावा आणि दीड तासाचा गजर लावून ठेवा.