उपग्रहचित्रातलं पुरातत्त्व: या चुका टाळा

उपग्रहचित्रात एक चौकोन दिसतो आणि दुसऱ्या दिवशी 'हरवलेलं शहर सापडलं' अशी बातमी झळकते. चौकोन दिसणं आणि शहर सापडणं यांच्या मधलं सगळं काम म्हणजे पुरातत्त्व, आणि विषय लोकांपर्यंत नेताना नेमकं तेच गाळलं जातं. लेख लिहिणारे, व्हिडिओ करणारे आणि गूगल अर्थवर तासन्‌तास अवशेष धुंडाळणारी हौशी मंडळी यांच्याकडून वारंवार होणाऱ्या चुका आणि त्यावरचे उपाय इथे मांडले आहेत.

"उपग्रहाला जमिनीखालचं दिसतं"

सगळ्यांत जास्त पसरलेला गैरसमज हा. बरेच उपग्रह आपल्या डोळ्यांना न दिसणारा इन्फ्रारेड प्रकाशही टिपतात, पण तो माती भेदून खाली जात नाही. गाडलेल्या भिंतीचा वरच्या जमिनीवर आणि पिकावर जो परिणाम होतो, तेवढाच त्यात टिपला जातो. समजा, शेताखाली जुना खंदक बुजलेला आहे. त्यात साचलेली माती भुसभुशीत असते, ओल धरून ठेवते. पावसाने ओढ दिली की आजूबाजूचं पीक माना टाकतं, पण खंदकावरचा पट्टा हिरवा आणि उंच राहतो. खाली दगडी पाया असेल तर याच्या उलट: मुळं खोल जात नाहीत, पीक खुरटतं आणि आधी पिवळं पडतं. हा फरक काही दिवस, फार तर काही आठवडे टिकतो. २०१८ च्या कोरड्या उन्हाळ्यात आयर्लंडमधल्या न्यूग्रेंजजवळच्या शेतात एक भलंमोठं प्रागैतिहासिक वर्तुळ असंच उमटलं. ते ड्रोनने टिपलं, पण तत्त्व तेच.

म्हणून एका चित्रात काही दिसलं नाही की शोध सोडू नका, आणि दिसलं की उड्याही मारू नका. सेंटिनेल-२ या युरोपीय उपग्रहांची चित्रं दर पाच दिवसांनी आणि फुकट मिळतात. एकाच जागेची पेरणीनंतरची, कोरड्या दिवसांतली आणि कापणीनंतरची चित्रं शेजारीशेजारी ठेवा. एकदा दिसलेली रेघ पुढच्या काही वर्षांत पुन्हा उमटलीच नाही, तर ती ट्रॅक्टरची चाकोरी असण्याची शक्यता जास्त. पुन्हापुन्हा उमटत असेल तर आधी ती पाण्याची पाइपलाइन नाही ना, हे पाहा.

या चित्रांतला लाल रंगही समजावून सांगायला हवा. नेहमीच्या 'फॉल्स कलर' मांडणीत इन्फ्रारेड पट्ट्याला लाल रंग दिलेला असतो, त्यामुळे टवटवीत झाडी लालभडक दिसते. वाचक त्याला उष्णता समजतो. चित्राखाली एक वाक्य घातलं की भागतं.

रडारची गोष्ट थोडी वेगळी. १९८१ मध्ये कोलंबिया अंतराळयानातल्या रडारने पूर्व सहाराच्या वाळूखाली दडलेली प्राचीन नदीपात्रं दाखवली, हे खरं आहे. पण ती वाळू कमालीची कोरडी होती, रडारची तरंगलांबी सुमारे २४ सेंटिमीटर होती आणि वरचा थर साधारण मीटर-दोन मीटरचा होता. ओल आली की ही किमया संपते. मार्च २०२५ मध्ये इजिप्तमधल्या खाफ्रेच्या पिरॅमिडखाली सहाशे मीटरहून खोल स्तंभ असल्याचा दावा उपग्रह रडारच्या नावावर जगभर फिरला. दावेदारांचा भर कंपनांच्या गणितावर होता आणि हा दावा तज्ज्ञ-परीक्षणातून गेलेला नव्हता. मीटर-दोन मीटर कुठे आणि सहाशे मीटर कुठे, एवढं जरी वाचकापुढे ठेवलं असतं तरी त्याला स्वतः विचार करता आला असता.

खड्डा की टेकाड?

मुद्दा बारीक वाटेल, पण नवखे इथे सर्रास फसतात. उजेड वरून येतो असं धरून चालायची आपल्या डोळ्यांना सवय असते. कर्कवृत्ताच्या उत्तरेला मात्र बरेच उपग्रह सकाळी साडेदहाच्या सुमारास चित्र टिपतात. ऊन आग्नेयेकडून येतं आणि सावल्या वायव्येला, म्हणजे उत्तर वर असलेल्या चित्रात वरच्या डाव्या बाजूला पडतात. मग पांढरीचं, म्हणजे जुन्या वस्तीच्या मातीचं टेकाड खळग्यासारखं दिसतं आणि खंदक बांधासारखा. चित्र १८० अंशांत फिरवून पाहा, बहुतेक वेळा उलगडा होतो.

पिक्सेलचा हिशेबही आधीच करून टाका. सेंटिनेल-२ चा पिक्सेल १० मीटरचा, अमेरिकेच्या लँडसॅट उपग्रहांचा ३० मीटरचा. दीड मीटर रुंदीची भिंत त्यात वेगळी ओळखता येत नाही, कितीही झूम केलं तरी. त्यासाठी वर्ल्डव्ह्यू-३ सारखा ३१ सेंटिमीटरपर्यंत तपशील देणारा व्यावसायिक उपग्रह लागतो. चित्र ताणल्यावर दिसणारे रेखीव चौकोन पुष्कळदा जेपेग कॉम्प्रेशनने तयार केलेले असतात.

आणि लिडारचं, म्हणजे लेसरने जमिनीचा चढउतार मोजणाऱ्या तंत्राचं श्रेय उपग्रहाला देऊ नका. ग्वातेमालातल्या जंगलाखालची मध्य अमेरिकेतल्या प्राचीन माया संस्कृतीची ६०,००० हून अधिक बांधकामं २०१८ मध्ये जगासमोर आली, ती विमानातून सोडलेल्या लेसरमुळे.

गोष्ट मध्येच संपवणं

कॅनडातल्या न्यूफाउंडलंड बेटावर लान्स ओ मेडोज इथे नॉर्स लोकांच्या, म्हणजे व्हायकिंगांच्या वस्तीचा १९६० मध्ये छडा लागला. पुढे उपग्रहचित्रांवर काम करणाऱ्या अमेरिकी पुरातत्त्वज्ञ सारा पार्काक यांच्या गटाला त्याच बेटाच्या नैर्ऋत्येला, पॉइंट रोझी इथल्या इन्फ्रारेड चित्रांत झाडोऱ्याच्या रंगात आयताकृती खुणा दिसल्या. त्यांनी रीतसर पावलं टाकली: आधी चुंबकीय सर्वेक्षण, मग २०१५ मध्ये छोटं चाचणी उत्खनन. गवताच्या ढेपांची भिंत वाटावी असा थर मिळाला, भाजलेल्या लोहखनिजासारखं काही मिळालं. एप्रिल २०१६ मध्ये त्यावर माहितीपट आला आणि व्हायकिंगांची दुसरी वसाहत सापडल्याचे मथळे झळकले. त्याच उन्हाळ्यात पुढचं उत्खनन झालं. भिंत निसर्गाचीच निघाली, खनिजही दलदलीत आपोआप साचलेलं. पार्काक आणि त्यांचे सहकारी ग्रेगरी ममफर्ड यांनी अहवालात स्वच्छ लिहिलं की नॉर्स लोक इथे असल्याचा कसलाही पुरावा नाही.

मला हा अहवाल त्या माहितीपटापेक्षा मोलाचा वाटतो. एक शंका घेतली, तिची कठोर परीक्षा केली आणि ती टिकली नाही हे जाहीर केलं. विज्ञान कसं चालतं हे शिकवायला याहून चांगला धडा शोधून मिळणार नाही. पण मथळे जितक्या दूर गेले तितका तो अहवाल गेला नाही. म्हणून लिहिताना काम कोणत्या टप्प्यावर आहे ते पहिल्याच परिच्छेदात सांगा: नुसतं चित्र पाहिलं आहे, कोणी तिथे चालत जाऊन खापरं गोळा केली आहेत, चाचणी खड्डा घेतला आहे, की नमुन्यांचं वय निघालं आहे? निकाल आला की जुन्या लेखाला तो जोडा, नकारार्थी असला तरी.

वयाच्या बाबतीत तर फारच जपायला हवं. वायव्य भारत आणि पाकिस्तानातल्या घग्गर-हाक्रा नदीचं रुंद कोरडं पात्र लँडसॅटच्या चित्रांत ठळक दिसतं आणि त्याच्या काठाने हडप्पा संस्कृतीच्या वस्त्या आहेत. हिमालयातून दुथडी वाहणाऱ्या नदीकाठी ही शहरं वसली, असा निष्कर्ष त्यावरून सहज निघतो. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पात्रातल्या वाळूचं वय काढलं, तेव्हा हिमालयातून येणाऱ्या सतलजने ही वाट सुमारे ८,००० वर्षांपूर्वीच, म्हणजे शहरं उभी राहण्याच्या कितीतरी आधी सोडल्याचं दिसलं. पात्र खरं, वस्त्याही खऱ्या. दोन्ही एकाच काळातलं आहे हे मात्र चित्रात कुठेच नव्हतं.

फक्त आजचं चित्र पाहणं

अमेरिकेच्या कोरोना हेरउपग्रहांनी १९६० ते १९७२ या काळात फिल्मवर टिपलेली चित्रं १९९५ मध्ये खुली झाली. ती टिपल्यानंतर धरणांखाली गेलेल्या, नांगरटीत सपाट झालेल्या जागा त्यांत अजून शाबूत आहेत. फ्रेंच धर्मगुरू आंत्वान प्वादबार यांनी १९२० आणि ३० च्या दशकांत विमानातून सीरियाच्या वाळवंटातले ११६ रोमन किल्ले नोंदवले होते आणि ते सरहद्दीची उत्तर-दक्षिण रांग असल्याचं म्हटलं होतं. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हेरचित्रांतून आणखी ३९६ जागा मिळाल्या, त्या पूर्व-पश्चिम पसरलेल्या, आणि जुना सिद्धान्त डळमळला. ही चित्रं वापरताना एक अडचण हमखास येते: कॅमेरा फिरत चित्र घेई, त्यामुळे कडांकडे ती वाकडी होतात. नकाशावर थेट ठेवली तर जागा बरीच सरकते. रस्त्यांचे फाटे, जुन्या इमारती अशा न बदललेल्या खुणा धरून आधी ती जुळवून घ्या.

स्थानिकांना विसरणं आणि लुटारूंना वाट दाखवणं

२०२४ मध्ये गाजलेलं मेक्सिकोतलं व्हालेरियाना हे माया शहर मुख्य रस्त्यापासून जवळ आहे आणि त्या परिसरात लोक शेती करत आले आहेत. 'हरवलेलं' म्हणण्याआधी कोणाला ठाऊक नव्हतं, हे विचारा. २०१६ मध्ये कॅनडातल्या एका शाळकरी मुलाने नक्षत्रांवरून माया शहराची जागा सुचवली तेव्हा चित्रातला चौकोन पडीक मक्याचं शेत असल्याचं माया अभ्यासकांनी सांगितलं. मुलाचं कुतूहल कौतुकाचंच होतं. ज्यांनी त्या अभ्यासकांना छापण्याआधी फोन केला नाही, चूक त्यांची.

ठिकाणाचे अक्षांश-रेखांश मात्र छापू नका. इजिप्तमधल्या स्थळांवर चोरांनी पाडलेले खड्डे उपग्रहचित्रांत मोजता येतात, इतके ते आहेत. २०१७ मध्ये सुरू झालेल्या ग्लोबलएक्सप्लोरर प्रकल्पात स्वयंसेवकांना चित्राचे छोटे तुकडे दाखवले जात, जागा कुठली ते न सांगता. गूगल अर्थच्या पडद्यावर खालच्या पट्टीत अक्षांश-रेखांश आपोआप दिसतात. स्क्रीनशॉट टाकण्याआधी ती पट्टी कापा, शेजारचा रस्ता किंवा तळं ओळखू येत असेल तर तेही कापा, आणि नेमकी जागा फक्त त्या भागाच्या पुरातत्त्व विभागाला कळवा.